कथिलाचा पांढरा, कोबाल्टचा निळा

मेक्सिकोतल्या पुएब्ला शहरातली तलावेरा भांडी दुरून थेट चिनी मातीची वाटतात. दुधी पांढऱ्यावर गडद निळी वेलबुट्टी. पण टवका उडालेली एखादी ताटली बघा, आत साधी भाजलेली कुंभारमातीच दिसते. पांढरा असतो तो फक्त वरचा पातळ थर.

ही युक्ती नवव्या शतकातली, इराकमधल्या बसऱ्याच्या आसपासच्या कुंभारांची. चीनहून येणाऱ्या शुभ्र भांड्यांची त्यांना भुरळ पडली होती, पण तशी पांढरी माती जवळ नव्हती आणि तितकी तापणारी भट्टीही नव्हती. शिशाची झिलई, म्हणजे भांड्यावर चढवायचा काचेचा थर, येत होती, पण ती पारदर्शक. खालची माती लपेना. मग तिच्यात कथिलाचं ऑक्साइड घालायला सुरुवात झाली. कथिल म्हणजे आपल्या कल्हईवाल्याचंच. भट्टीत शिसं आणि वाळू वितळून काच होते, कथिलाचं ऑक्साइड मात्र तिच्यात फारसं विरघळत नाही. त्याचे अतिसूक्ष्म स्फटिक काचेत विखरून राहतात. काचेचा अपवर्तनांक, म्हणजे ती प्रकाशाला किती वळवते याचं माप, साधारण १.५ ते १.६, या स्फटिकांचा २ च्या आसपास. या फरकामुळे स्फटिकांवर आदळणारा प्रकाश विखुरतो आणि बराचसा मातीपर्यंत न पोचताच माघारी फिरतो. सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात, म्हणून थर पांढरा दिसतो. दुधातले स्निग्ध कण तरी दुसरं काय करतात?

ही विद्या पुढे मुस्लिम अमलातल्या स्पेनमध्ये रुजली आणि तिथून स्पॅनिश वसाहतीबरोबर पुएब्लात आली. शहर वसलं १५३१ मध्ये, कुंभारांच्या संघाचे नियम झाले १६५३ मध्ये. तोवर मनिलाहून येणाऱ्या गलबतांतून अस्सल चिनी भांडी मेक्सिकोत उतरू लागली होती. म्हणजे ज्या नकलेसाठी बसऱ्यात कथिल वापरलं, तीच नक्कल पुएब्लात नव्याने सुरू झाली! निळा रंग देणारा कोबाल्ट हा धातू महाग, त्यामुळे निळा रंग उंची मालावर.

रंगवणं मोठं जोखमीचं. एकदा भाजलेलं भांडं झिलईच्या पातळ कालवणात बुडवून वाळवतात. वर उरते ती कोरडी भुकटी, कुंचल्यातला रंग क्षणात शोषून घेणारी. चुकलेली रेघ पुसता येत नाही. दुसऱ्या भाजणीत, सुमारे हजार अंश सेल्सियसला, झिलई वितळते. पण ती दाट असल्याने नक्षी फारशी पसरत नाही. पुएब्लाचा निळा तर इतका जाड लावलेला असतो की बोट फिरवलं तर उंचवटा लागतो.

युनेस्कोने २०१९ मध्ये या कलेला मेक्सिको आणि स्पेन यांचा सामायिक अमूर्त वारसा म्हणून मान्यता दिली. जुन्या भांड्यात लिंबाचं लोणचं मात्र भरू नये. आंबटात शिसं उतरतं.