अर्ध्या मिलीलीटरचा जुगार

गणपतीत लालबाग-परळकडच्या रक्तदान शिबिरांत एखादा महाभाग हमखास भेटतो. म्हणतो, 'रक्त देऊन टाकू, एचआयव्हीची टेस्टही फुकटात होऊन जाईल.' हिशेब धोक्याचा आहे. संसर्ग अगदी नवा असेल तर टेस्ट निगेटिव्ह येते आणि पिशवी पुढे जाते, एखाद्या थॅलेसेमियाच्या (रक्त नीट न बनण्याच्या आनुवंशिक आजाराच्या) मुलाकडे. त्याला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतंच.

नेहमीची एलायझा चाचणी प्रतिपिंडं किंवा विषाणूचं प्रथिन शोधते, आणि ती दिसण्याइतकी वाढायला काही आठवडे जातात. 'नॅट' चाचणी थेट विषाणूचा आरएनए किंवा डीएनए, म्हणजे त्याचं जनुकीय साहित्य, धरते आणि दर फेरीत त्याच्या प्रती दुप्पट करते. ३० फेऱ्यांत एकाचे अब्जावर! मग सुटतं कसं?

सुटतं, कारण तो एक रेणू आधी नळीत यावा लागतो. पातेलंभर आमटीत चारच मिरे असले तर तुमच्या वाटीत किती येतील? पॉयसाँ या फ्रेंच गणितज्ञाने १८३७ मध्ये याचंच सूत्र मांडलं. नमुन्यात सरासरी एक विषाणू अपेक्षित असेल तर ३७ टक्के वेळा एकही येत नाही. दोन असतील तर साडेतेरा टक्के, तीन असतील तर पाच. म्हणजे यंत्र कितीही तल्लख असो, ९५ टक्के खात्रीसाठी सरासरी तीन रेणू हवेतच. समजा, मिलीलीटरमागे एक विषाणू आहे आणि यंत्र अर्धा मिलीलीटर प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) घेतं. चुकण्याची शक्यता ६१ टक्के. लाल पेशींच्या पिशवीत २० मिलीलीटर प्लाझ्मा उरला, तर रुग्णाला सरासरी २० विषाणू मिळाले.

त्यात खर्च वाचवायला सहा दात्यांचे नमुने एकत्र तपासले, की प्रत्येकाचा नमुना सहापट पातळ होतो. हेपटायटिस बीचा विषाणू सुरुवातीला साधारण अडीच दिवसांत दुप्पट होतो. सहापट व्हायला अडीच दुपटी, म्हणजे जवळजवळ आठवडाभर संसर्ग लपून राहतो. एचआयव्ही सुमारे २० तासांत दुपटतो, तिथे हा तोटा दोनेक दिवसांचाच. एवढ्यासाठी तरी हेपटायटिस बीकरिता नमुने सुटे तपासावेत, असं माझं मत.

बाकीचे उपायही याच दिशेचे: जास्त प्लाझ्मा घ्या, अतिवेगवान सेंट्रिफ्यूजने विषाणू तळाशी बसवा, चाचणी पुन्हा करा. नळीसुद्धा पाहून घ्या. हिरव्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून घातलेलं हेपॅरिन पीसीआरचं, म्हणजे प्रती काढण्याच्या प्रक्रियेचं, विकर (एन्झाइम) अडवतं, म्हणून जांभळ्या टोपणाची, ईडीटीए हे दुसरं गोठणरोधक असलेली नळी घ्यायची. शिवाय प्रत्येक नमुन्यात ओळखीचा दुसरा आरएनए मुद्दाम घालतात. तोही दिसला नाही तर निकाल निगेटिव्ह नव्हे, बाद.

हातात दांडी धरायला लावून मिनिटात 'शरीरातले सगळे विषाणू' सांगणारी यंत्रंही विकली जातात. त्यांत तर नमुन्याची नळीच नसते.

टेस्टच हवी असेल तर सरकारी आणि पालिका रुग्णालयांतल्या आयसीटीसी (समुपदेशन आणि तपासणी) केंद्रांत एचआयव्हीची तपासणी मोफत आणि गुप्त होते. त्यासाठी रक्ताची पिशवी भरावी लागत नाही.