बोनस हक्काचा, मान वेगळा: बेळगाव सीमाभागातल्या कामगार-कौतुकाची पार्श्वभूमी

उद्यमबाग, मच्छे, होनगा या पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांच्या गेटजवळ आता एक फलक दिसतो. त्यावर 'महिन्याचा उत्कृष्ट कामगार', खाली फोटो, टोकन नंबर आणि खात्याचे नाव असते. बहुतेक ठिकाणी हे सगळे इंग्रजीत, फार तर कन्नडमध्ये. रोज त्याखालून आत जाणाऱ्यांपैकी किती जण मान वर करून बघतात, हा प्रश्न एचआरवाल्यांनी एकदा स्वतःला विचारायला हरकत नाही. कौतुकाच्या नवनव्या युक्त्यांची यादी कुठेही मिळते. पण या भागातल्या कामगाराला मान देण्याच्या रीती त्या यादीपेक्षा कितीतरी जुन्या आहेत आणि मधल्या काळात कायद्याने त्यात मोठी उलथापालथ केली आहे.

कारखाने येण्याआधी इथे बलुते होते. सुतार, लोहार, कुंभार यांना सुगीत धान्याचा ठरलेला वाटा मिळे. गुढीपाडव्याला सालगड्याचे साल ठरे. पैशाबरोबर धान्य, धोतरजोडी, पायताण असा करार असे. यातले काय मेहनताना आणि काय बक्षीस, हे वेगळे काढता येत नाही. मालकाच्या मर्जीचा भाग मोठा होता, आणि मर्जी गेली की सगळेच गेले, हेही खरे. उगाच जुन्या काळाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. खरे कौतुक बघायचे तर कुस्तीच्या मैदानात. निकाली कुस्ती झाली की तिथल्या तिथे फेटा बांधला जाई, कुणीतरी उठून इनाम पुकारी आणि भोंग्यावरून पैलवानाच्या नावाबरोबर त्याच्या गावाचे आणि वस्तादाचे नावही सांगितले जाई. कामगिरी आणि शाब्बासकी यांच्यात चार मिनिटांचेही अंतर नाही. पुढे कारखान्यांत आलेल्या अनेक योजना याच कसोटीवर नापास झाल्या: मार्चमधल्या कामाचे प्रमाणपत्र डिसेंबरमध्ये, तेही मुख्य कार्यालयातून आलेल्या पाहुण्याच्या हातून, आणि नावाचा उच्चार चुकवून.

मराठी उद्योगातली डावलले जाण्याची सगळ्यात गाजलेली गोष्टही बेळगावशी जोडलेली आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर १८६९ मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मले. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवत होते. बढतीची पाळी आली तेव्हा त्यांना बाजूला सारून एका अँग्लो-इंडियन माणसाला पुढे काढण्यात आले. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि भावाच्या सायकलच्या दुकानात, बेळगावात, परतले. तिथून कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर निघाला. सुरुवातीला तो कोणी घेईना. लोखंडाने जमीन विषारी होते असा शेतकऱ्यांचा समज होता. पुढे नगरपालिकेला नव्या वस्तीसाठी कारखान्याची जागा हवी झाली, औंधच्या संस्थानिकांनी माळरान देऊ केले आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. म्हणजे बेळगावने एक कारखाना घालवला, हे इथे आजही हळहळून सांगितले जाते.

पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते वाडीत झाले. लक्ष्मणरावांनी शिक्षा भोगून आलेल्या माणसांना तिथे रात्रीची राखण दिली. ज्याच्यावर चोरीचा शिक्का, त्याच्याच हाती गोदाम. यात ना प्रमाणपत्र, ना रोख रक्कम, फक्त जबाबदारी. स्वतः डावलले गेलेल्या माणसाला हे सुचले, यात मला काही नवल वाटत नाही. आजच्या व्यवस्थापनाच्या वर्गात ज्याला अधिकार सोपवणे म्हणतात, ते इथे शंभर वर्षांपूर्वी, परीक्षाबिरीक्षा न पाहता, होऊन गेले होते. त्याच सुमाराच्या मागेपुढे टाटांच्या नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये (१८७७) निवृत्तिवेतन निधी आणि बक्षीस समारंभ होते, जमशेदपुरात १९१२ पासून आठ तासांचा दिवस आणि १९३४ पासून नफ्यातला वाटा. गोकाकच्या धबधब्यावर १८८७ मध्ये सुरू झालेल्या सूतगिरणीने मात्र या भागाला गिरणीची शिस्त शिकवली: भोंगा, पाळी, दंड.

मग बोनस. त्याचे मूळ मुंबईत. पहिल्या महायुद्धात महागाई भडकली तेव्हा १९१७ मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी १० टक्के युद्धभत्ता दिला, पुढच्या वर्षी तो १५ टक्क्यांवर नेला. दिला तेव्हा ती मालकांची मेहेरबानी होती. थांबवला तेव्हा संप झाला. १९२४ चा मोठा गिरणी संप त्यावरूनच. १९५० मध्ये कामगार अपील न्यायाधिकरणाने नफ्यातून वजावटी करून उरलेल्यातला वाटा कामगाराला देण्याचे सूत्र घालून दिले. तेव्हा बेळगाव मुंबई राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ ला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि कामगार खात्याचे कागद बेंगळुरूकडे फिरू लागले. पण १९६५ चा बोनस कायदा केंद्राचा, त्यामुळे या बाबतीत सीमेच्या दोन्ही बाजूंना नियम एकच राहिला. आधी किमान ४ टक्के, पुढे १९७० च्या दशकात ८.३३ टक्के, कमाल २० टक्के. ८.३३ म्हणजे बाराव्या हिश्शाइतका, म्हणून कामगाराच्या तोंडी 'एक पगार'. हिशेबाचे वर्ष मार्चला संपते, पुढे आठ महिन्यांत बोनस द्यायचा, म्हणजे मुदत नोव्हेंबरअखेर. दिवाळी बरोबर त्याच्या आत बसते.

या कायद्याने कामगाराच्या हातात हक्क दिला आणि मॅनेजरच्या हातातून एक हत्यार काढून घेतले. तोट्यात असलेल्या कारखान्यालाही किमान बोनस द्यावाच लागतो. मग पाकीट हातात पडल्यावर कामगाराने मालकाचे आभार का मानावेत? तो मोजतो, शेजारच्या कंपनीत किती टक्के निघाले ते विचारतो, आणि कमी असेल तर गेटवर उभा राहतो. योग्यच आहे. १९५९ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी मांडले की पगार कमी पडला तर माणूस नाराज होतो, पण पुरेसा दिला म्हणून तो कामात रमतोच असे नाही. पगारवाढीच्या बोलणीत मालकाच्या बाजूने हा सिद्धांत फार लाडका असतो. त्यातला पहिला अर्धा भाग मात्र ते सोयीस्कर विसरतात.

निपाणीची गोष्ट आणखी निराळी. तिथे तंबाखूच्या वखारी आणि विडी. विडीत मजुरी दर हजार विड्यांमागे, आणि वर 'छाट': विडी नीट वळली नाही म्हणून ठेकेदार बाजूला काढील त्याचे पैसे नाहीत, विडी मात्र त्याची. चांगल्या कामाचे कौतुक राहू द्या, चांगल्या कामावरच कात्री. १९६६ च्या विडी कामगार कायद्याने छाटीला मर्यादा घातली, पण ती अमलात यायला बायकांनाच रस्त्यावर यावे लागले. वखारीतल्या आणि विडी वळणाऱ्या बाया संघटित झाल्या आणि किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी यांसाठी लढल्या. ज्या धंद्यात हाताखालच्या बाईला नावानेही हाक मारली जात नसे, तिथे हजेरीपटावर नाव लागणे हाच पहिला मान होता.

बेळगावच्या कारखान्यांकडे, म्हणजे इथल्या फौंड्री (धातूच्या ओतकामाचे कारखाने) आणि मशीन शॉपकडे परत येऊ. बोनसच्या वाटेने कौतुक करता येईना, तेव्हा ते दोन वाटांनी आले. एक वाट सरकारी आणि जपानी. उत्पादन किंवा सुरक्षितता सुधारणारी सूचना देणाऱ्या कामगाराला राष्ट्रीय पुरस्कार देण्याची योजना १९६५ पासूनची, तिलाच पुढे विश्वकर्मा हे नाव मिळाले. १९७५ पासून पंतप्रधानांचे श्रम पुरस्कार आले. टोयोटाने सूचना-योजना १९५१ मध्ये सुरू केली, जपानमधली क्वालिटी सर्कल (कामातल्या अडचणींवर एकत्र बसून उपाय शोधणारे कामगारांचे छोटे गट) १९६२ ची, भारतात ती १९८० च्या सुमारास आली. बेळगावला ती आणली गाडी-कंपन्यांच्या ऑडिटरांनी. क्रँकशाफ्ट, पंप, व्हॉल्व्हची कास्टिंग घेणाऱ्या ग्राहकाला भिंतीवर कायझेनचे, म्हणजे छोट्या छोट्या सततच्या सुधारणांचे, तक्ते हवे होते, म्हणून तक्ते लागले. सुरुवातीला बऱ्याच ठिकाणी सुपरवायझरच सूचना लिहायचा आणि खाली कामगाराची सही घ्यायचा.

तरीही त्यातून काही अस्सल निघाले. मशीन शॉपमध्ये एखादा फिटर भंगारातल्या पट्ट्यांची जिग (जॉब जागेवर धरून ठेवणारा साचा) बनवतो, जॉब बसवायचा वेळ निम्म्यावर येतो. मॅनेजर त्याला शंभर-दोनशेचे कूपन देतो, ते त्याच संध्याकाळी कॅन्टीनमध्ये संपते. पण शॉपमध्ये ती जिग त्याच्याच नावाने चालते: "परश्याची जिग आण जरा." नवा पोरगा आला की त्यालाही तेच नाव शिकवले जाते. शहाणा मॅनेजर हे नाव ड्रॉइंगवर चढवतो. खर्च शून्य.

दुसरी वाट घरची, खंडेनवमीची. त्या दिवशी लेथ आणि ड्रिल केरोसीनने भिजवलेल्या चिंध्यांनी पुसून काढतात, लेथच्या चकला (जॉब धरणाऱ्या जबड्याला) झेंडूची माळ, बेडवर हळदकुंकवाची बोटे, दारात कोहळा. पुडा, कुंद्याचा (बेळगावी मिठाईचा) डबा सगळ्यांना मिळतो, त्यात विशेष काही नाही. विशेष असते ते पूजा कोण करणार हे. काही ठिकाणी मालक स्वतः न बसता सगळ्यात जुन्या मोल्डरला बसवतो. वर्षभर वाळूत हात घालणाऱ्या माणसाच्या हातून भट्टीला कुंकू लागते, त्याची बायकोमुले बघायला आलेली असतात. त्या एका तासाबद्दल घरी जे बोलले जाते ते कुठल्याच प्रमाणपत्राबद्दल बोलले जात नाही. तारखेचे भान मात्र हवे. १ नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी, म्हणजे इथल्या मराठी माणसाच्या काळ्या दिनी, सत्कार ठेवला की निम्मा हॉल रिकामा राहतो आणि उरलेल्या निम्म्यात राजकारण सुरू होते.

रजा हे दुसरे चलन. येळ्ळूर, कडोली, कंग्राळी, उचगावच्या कामगाराचे भाताचे शेत असते. पेरणी आणि सुगीला तो येणार नाही, हे आधी माहीत असूनही दरवर्षी त्याला मेमो देणारे मॅनेजर आहेत. उलट पाळ्या आधीच फिरवून त्याला चार दिवस मोकळे करणारेही आहेत. गावची लक्ष्मीयात्रा तर कित्येक वर्षांनी एकदा येते. घर रंगवायचे, पाहुण्यांची रांग, मांडव, खर्चाला अंत नाही. त्या वेळी मागितल्याआधी उचल आणि रजा मंजूर करून, जमल्यास जेवायला स्वतः जाऊन येणारा साहेब पुढची अनेक वर्षे 'आमचे साहेब' राहतो. एकट्याला उचलून दिलेले गिफ्ट व्हाउचर इथे उलट अडचणीचे ठरते. खात्यातले बाकीचे त्याला चिडवतात आणि तो पुढच्या महिन्यात मुद्दाम मागे राहतो.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत हत्तरगीला विमानांच्या सुट्या भागांचे कारखाने आले, डिप्लोमा-आयटीआयची तरुण मुलेमुली आली, मोबाइलवर पॉइंट जमा करणारी ॲप आली. या मुलांना शाल-श्रीफळ जुनाट वाटते, प्रशिक्षणाला बाहेरगावी पाठवले तर आवडते. पण त्याच गेटमधून आत जाणारे निम्मेशिम्मे लोक आता ठेकेदाराचे असतात. काम तेच, हेल्मेटचा रंग वेगळा. कायद्याने त्यांनाही बोनस लागू आहे, तो ठेकेदाराने द्यायचा. पण कंपनीच्या सूचना-पेटीत त्यांनी चिठ्ठी टाकली तर ती कोणाच्या नावावर धरायची याचा रकानाच फॉर्मवर नसतो, आणि गेटजवळच्या फलकासाठी लागणारा टोकन नंबर त्यांच्याकडे नसतो.