जुनी बस दुरुस्तीला देण्याआधी: चेसिस आणि खालच्या कामाची माहिती

पुण्याजवळ भोसरीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये जुनी बस घेऊन येणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न रंगाचा असतो. लाल तोच हवा, पाटीवरची अक्षरं तशीच हवीत. ही ओढ आम्हाला कळते. १ जून १९४८ रोजी पहिली एसटी पुणे-नगर मार्गावरच धावली, त्यामुळे इथल्या कितीतरी घरांत आजोबा-पणजोबांच्या ड्युटीच्या गोष्टी अजून निघतात. तरीही आमची विनंती एकच: रंगाचं शेवटी बोलू, आधी गाडी खालून बघू द्या.

मागे एक बस आमच्याकडे आली, बॉडीचं काम दुसरीकडे पूर्ण करून. रंग आरशासारखा होता. खाली मागच्या पाट्याच्या (लीफ स्प्रिंगच्या) ब्रॅकेटपाशी चेसिसला वीतभर तडा होता आणि तो लांबी (पुट्टी) भरून काळ्या रंगाखाली झाकलेला. तो नीट करायला नवीकोरी फरशी उखडावी लागली. मालकांचे पैसे दोनदा गेले, आणि ते आम्हाला अजून खटकतं.

बसची चेसिस म्हणजे पोलादाची शिडी. दोन बाजूंना दोन लांब चॅनल, मध्ये आडवे क्रॉस मेंबर आणि जोड रिव्हेटचे. रिव्हेट वापरण्यामागे विचार आहे. एक चाक खड्ड्यात गेलं की फ्रेम थोडी पीळ खाते आणि पुन्हा सरळ होते. सगळे जोड वेल्डिंगने ताठ करून टाकले, तर तो पीळ जाणार कुठे? वेल्डच्या कडेलाच तडा जातो. म्हणून आम्ही सरसकट वेल्डिंग करत नाही. ढिला रिव्हेट काढून भोक रीमरने साफ करतो आणि त्यात घट्ट बसणारा हाय-टेन्साइल बोल्ट घालतो. तडा गेलाच असेल, तर आधी त्याच्या टोकाला बारीक भोक पाडून त्याची वाट अडवतो, मगच भरतो.

ढिला रिव्हेट ओळखायला मशीन लागत नाही. डोक्याच्या एका कडेला बोट ठेवायचं आणि दुसऱ्या कडेला हलकी हातोडी मारायची. घट्ट असेल तर टणकन आवाज येतो, ढिला असेल तर आवाज बद्द आणि हालचाल बोटाला कळते. बऱ्याचदा डोक्याभोवती तपकिरी ओघळही दिसतो. तुम्ही समोर असाल, तर ही तपासणी तुमच्याच हातून करून घेतो.

गंजाचं दुखणं गाडी कुठे फिरली त्यावर ठरतं. कोकणातल्या गाडीत खारी हवा दोन पत्र्यांच्या सांध्यात शिरलेली असते. लोखंडापेक्षा गंज जास्त जागा घेतो, त्यामुळे तो आतून फुगतो, जाड पट्टीही वाकवतो आणि रिव्हेट ताणतो. असा सांधा वरून रंगवून काहीच होत नाही, तो उघडावाच लागतो. देशावर झाडाखाली उभी राहिलेली गाडी वरून भयानक दिसते, पण तिची चेसिस अनेकदा ठणठणीत निघते.

ब्लास्टिंगआधी, म्हणजे वाळूसारख्या कणांच्या माऱ्याने गंज आणि जुना रंग काढण्याआधी, चेसिस नंबरचा पेन्सिलने छाप घेतो, फोटो काढतो आणि नंबरावर पत्र्याची पट्टी बांधतो. ब्लास्टिंगच्या माऱ्यात हा नंबर पुसला गेला, तर गाडीची ओळखच गेली. दुसरीकडे काम देणार असाल तरी एवढं मात्र तिथे बजावून सांगा.

आता पाटे. बसलेल्या पाट्यांना गॅसने तापवून कमान देणारे भेटतात, त्यांना नाही म्हणा. तापवलं की पोलादाचं पाणी उतरतं आणि कमान काही दिवसांत पुन्हा बसते. आम्ही पाटे सुटे करतो, तुटका बदलतो, मध्ये ग्राफाइट ग्रीस भरतो. सेंटर बोल्ट, यू-बोल्ट आणि शॅकलचे (पाट्याचं टोक चेसिसला झुलतं धरणाऱ्या कडीचे) पिन-बुश मात्र नवेच घालतो. किंग पिन (ज्यावर पुढचं चाक वळतं ती), हब बेअरिंग आणि प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांना फिरवणाऱ्या दांड्याचे) क्रॉस तपासून ठरवतो.

ब्रेकच्या जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. ड्रम उघडून हवेच्या पाइपने धूळ उडवू नका, ती ओली करूनच पुसायची. चाकाला सुटी लॉक रिंग (टायर रिमवर धरून ठेवणारी कडी) असेल तर हवा फक्त पिंजऱ्यात भरतो, कारण उडालेली रिंग जीव घेते. आणखी एक: बऱ्याच जुन्या गाड्यांत डाव्या चाकांच्या नटांना उलटे आटे असतात. नट सुटत नाही म्हणून पान्याला पाइप लावून जोर काढण्याआधी आटे बघा, नाहीतर स्टडच तुटेल.

कागदपत्रांबद्दल स्पष्ट सांगतो. २०२१ च्या नियमांतली विंटेज नोंदणी दुचाकी आणि खासगी मोटारींसाठी आहे, बस त्यात बसत नाही. गाडी रस्त्यावर चालवायची की अंगणात, हॉटेलसमोर उभी करायची हे आधी ठरवा आणि चालवायची असेल तर आरटीओत विचारून घ्या. उभ्या गाडीला गिअरबॉक्सवर खर्च करायला आम्ही सांगणार नाही.

गाडी आणताना धुऊन आणू नका, चिखल आणि तेलाचे डाग आम्हाला बरंच काही सांगतात. आरसी बुक आणि जुने फोटो असतील तर सोबत द्या. शक्यतो लो-बेड ट्रेलरवर आणा. टोचन लावायचंच असेल तर आधी प्रोपेलर शाफ्ट सोडा. इंजिन बंद असताना मागची चाकं फिरली की गिअरबॉक्सला आत तेल पोचत नाही, आणि भोसरीपर्यंत येता येता चांगला गिअरबॉक्स खराब होतो.