खाऱ्या टाकीतले शेवाळ: आणलेले, हटवलेले, पुन्हा जोपासलेले

खाऱ्या पाण्याच्या टाकीत शेवाळ शत्रू ठरले ते बरेच उशिरा. सुरुवातीची काही वर्षे तर लोक ते किनाऱ्यावरून मुद्दाम उपटून आणत. ॲना थिन या बाईंनी 1846 साली डेव्हनच्या किनाऱ्यावरचे दगडी प्रवाळ लंडनमधल्या घरी नेले. ते जगावेत म्हणून उघड्या खिडकीपाशी समुद्राचे पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत राहावे लागे, आणि हे काम अर्थातच मोलकरणीच्या वाट्याला आले होते. पुढच्या वर्षी थिनबाईंनी पाण्यात समुद्री शेवाळ सोडले आणि ओतण्याची कटकट बरीच कमी झाली. 1850 मध्ये रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी अशाच अनुभवाला सिद्धांताचे रूप दिले. वनस्पती प्राणवायू देते, प्राणी तो वापरतो, गोगलगायी कुजका पाला फस्त करतात. तिघांचा मेळ बसला की पाणी बदलावे लागत नाही, असे त्यांनी गोड्या पाण्यातल्या प्रयोगातून मांडले. निसर्गअभ्यासक फिलिप हेन्री गॉस यांनी तेच खाऱ्या पाण्यात लोकप्रिय केले. हिरवे आणि तांबडे शेवाळ खडकाच्या कपच्यासकट छिन्नीने काढून आणा, असे ते वाचकांना सांगत.

मग काचा हिरव्या होऊ लागल्या. टाकी खिडकीत, चारही बाजूंनी ऊन, पाण्यात माशांची विष्ठा. असे असल्यावर जे लावले ते मरते आणि जे लावलेले नसते तेच फोफावते. यावर त्या काळात निघालेले दोन उपाय आजही वापरात आहेत. पहिला म्हणजे काच चाटून साफ करणाऱ्या समुद्री गोगलगायी. आज ज्यांना ‘क्लीनअप क्रू’ म्हणतात, त्यांची भरती तेव्हापासूनची आहे. दुसरा उपाय अंधाराचा. वॉरिंग्टन यांनी तिरप्या पाठीची टाकी बनवली, तिच्यात उजेड फक्त वरून येई. विल्यम ॲल्फर्ड लॉइड यांनी 1871 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसचे मत्स्यालय उभारताना त्याच्याही पुढची पायरी गाठली. प्रदर्शनाच्या टाक्यांखाली एक भलामोठा काळोखी हौद बांधून त्यांनी पाणी सतत त्यातून फिरवत ठेवले. शेवाळ आणून लावायची गरजच नाही, त्याचे बीजाणू पाण्यात असतातच, हे लॉइड यांनी ओळखले होते. माझ्या मते या विषयातले पहिले खरे शहाणपण त्यांचेच.

त्यानंतरची बरीच दशके या प्रश्नापुरती कोरडीच गेली. 1960 च्या दशकात कृत्रिम सागरी मीठ बाजारात आले आणि समुद्रापासून दूर राहणाऱ्यांनाही खारी टाकी ठेवता येऊ लागली. पण ती फक्त माशांची. रोग आला की पाण्यात तांबे घालत. तांब्याने परजीवी मरत, सोबत गोगलगायी आणि खेकडेही मरत. म्हणजे शेवाळ खाणारे गेले आणि त्याला खत पुरवणारे मासे राहिले. शोभेला ठेवलेले पांढरे प्रवाळ-सांगाडे तपकिरी पडले की बाहेर काढायचे, ब्लीचमध्ये बुडवायचे, उन्हात वाळवून परत मांडायचे. पुन्हा तपकिरी, पुन्हा ब्लीच. शेवाळनियंत्रणाची ही तऱ्हा कित्येक वर्षे चालली. त्याच काळात, 1961 मध्ये, जकार्ताचे ली चिन एंग यांनी जिवंत खडक (म्हणजे जिवाणू आणि बारीक जीव वसलेले समुद्रातले दगड), हवेचे बुडबुडे आणि सूर्यप्रकाश एवढ्यावर प्रवाळ वाढवून दाखवले होते, पण त्यांच्या मार्गाने जाणारे थोडेच निघाले.

1986 मध्ये जॉर्ज स्मिट यांच्या लेखांमुळे अमेरिकेत ‘मिनी रीफ’ची, म्हणजे घरातल्या छोट्या प्रवाळभित्तीची लाट आली. पाणी थेंबाथेंबाने जिवाणू वसलेल्या भरावावरून झिरपवणारी ‘वेट-ड्राय’ गाळणी हे तिचे मुख्य यंत्र. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करण्यात ही गाळणी अत्यंत तरबेज, आणि अडचण नेमकी तिथेच होती. नायट्रेट माशांना लगेच मारत नाही, पण शेवाळाला पोसते; शिवाय माशांच्या खाद्यातून येणारा फॉस्फेट साठत जातो तो वेगळाच. गाळणी जितकी कार्यक्षम तितका नायट्रेटचा साठा मोठा. ‘हेअर अल्गी’ म्हणून ओळखली जाणारी केसाळ हिरवी शेवाळे घरोघरच्या टाक्यांत दिसू लागली ती याच सुमारास.

जर्मन हौशी मंडळींनी उलट बाजूने विचार केला. विष्ठेचा नायट्रेट होऊ देण्याआधीच ती फेसाबरोबर बाहेर काढावी. त्यासाठी प्रोटीन स्किमर, अमोनियाची विल्हेवाट लावायला भरपूर जिवंत खडक, आणि बाष्पीभवनाने घटलेल्या पाण्याच्या जागी चुन्याची निवळी, म्हणजेच ‘काल्कवासर’. हीच बर्लिन पद्धत. तिच्यामागे पीटर विल्केन्स आणि बर्लिनच्या मंडळींची अनेक वर्षांची खटपट होती. निवळीमुळे थोडा फॉस्फेट साक्यात उतरतो, असाही विश्वास होता.

अमेरिकेत स्मिथसोनियन संस्थेचे वॉल्टर एडी मात्र प्रवाळभित्तीवरच्या एका साध्या निरीक्षणापाशी अडून बसले. तिथे शेवाळ कमी वाढत नाही, उलट भरमसाट वाढते. पण मासे आणि समुद्री साळिंदर (सी अर्चिन हे काटेरी, गोल प्राणी) ते इतक्या झपाट्याने चरतात की खडकावर काही मिलिमीटरचाच गालिचा उरतो. मग शेवाळाशी भांडण कशाला? त्याला वेगळ्या जागी जाळीवर वाढवा, झगझगीत प्रकाश द्या, लाटांसारखे पाणी आदळू द्या, आणि ठरावीक दिवसांनी जाळी खरवडून काढलेले शेवाळ फेकून द्या. जे नायट्रोजन आणि फॉस्फरस शेवाळाने शोषले, ते त्याच्यासोबत टाकीबाहेर गेले. या ‘अल्गल टर्फ स्क्रबर’चे पेटंट एडी यांना 1982 मध्ये मिळाले. 1987 मध्ये ऑस्ट्रेलियात टाउन्सव्हिलला उघडलेल्या प्रवाळभित्ती मत्स्यालयाची लाखो लिटरची टाकी याच तत्त्वावर सुरू झाली. बर्लिनवाल्यांना हे पटले नाही. पाणी पिवळट होते, शेवाळातून झिरपणारी द्रव्ये प्रवाळाला बाधतात, असे त्यांचे आक्षेप. पिवळटपणाची तक्रार खरीच होती, पण ॲक्टिव्हेटेड कार्बनने तो रंग उतरवता येतो, आणि एवढ्यासाठी स्क्रबर मोडीत काढणे मला कधी पटलेले नाही.

चराईचे महत्त्व किती, हे याच दशकात समुद्राने प्रत्यक्ष दाखवले. 1983-84 मध्ये कॅरिबियनमधले लांब काट्यांचे काळे साळिंदर, डायाडेमा, एका साथीत 90 टक्क्यांहून जास्त मेले. अतिमासेमारीने चरणारे मासे आधीच घटलेले. जमैकाच्या भित्ती पुढच्या काही वर्षांत मांसल शेवाळाखाली गडप झाल्या. शेवाळाचा हिशेब फक्त खताचा नसतो, खाणाऱ्यांचाही असतो. हौशी मंडळी टर्बो गोगलगायी, साधू खेकडे आणि पिवळे टँग मासे पुन्हा मानाने टाकीत आणू लागली, त्यामागे हीच समज होती.

1990 च्या दशकात एडी यांची कल्पना सौम्य रूपात परतली. मुख्य टाकीखालच्या सम्पमध्ये, म्हणजे पाणी फिरवून आणणाऱ्या जोडटाकीत, एक कप्पा, त्यात दिवा आणि मोठे शेवाळ: रेफ्युजियम. त्यासाठी सगळ्यांची पहिली पसंती कॉलेर्पाला. ते झपाट्याने वाढते आणि तुटलेल्या तुकड्यापासून पुन्हा उगवते. बंद कप्प्यात जो गुण, तोच समुद्रात संकट ठरला. कॉलेर्पा टॅक्सिफोलियाचा एक चौरस मीटरभर पट्टा 1984 मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखालच्या समुद्रात आढळला आणि पुढे भूमध्य समुद्रात हजारो हेक्टरवर पसरला. संग्रहालयाने दोष नाकारला, जीवशास्त्रज्ञ अलेक्झांडर मेनेझ यांनी तो लावून धरला, आणि जनुकीय तपासणीत समुद्रातले वाण मत्स्यालयातल्या वाणाशी जुळले. 2000 च्या जूनमध्ये तेच शेवाळ कॅलिफोर्नियातल्या आग्वा हेडिओंडा खाजणात सापडले. ताडपत्र्या अंथरून, खाली क्लोरीन सोडून ते मारावे लागले. समूळ गेल्याची घोषणा व्हायला 2006 उजाडले आणि खर्च 70 लाख डॉलरवर गेला. एका टाकीतले पाणी ओतून देण्याची ही किंमत असावी, असा बहुतेकांचा कयास. कॅलिफोर्नियाने 2001 मध्ये कॉलेर्पाच्या नऊ प्रजातींवर बंदी घातली. कॉलेर्पाला घरच्या टाकीतही एक खोड होतीच: अधूनमधून ते सगळे बीज एकदम सोडून मरते आणि रात्रीत पाणी दुधाळ होते. रेफ्युजियममध्ये आज दिसतो तो कीटोमॉर्फाचा गुंतवळा, तो या सगळ्यानंतरचा.

2000 नंतरची दिशा उपासमारीची. आरओ-डीआय, म्हणजे गाळून जवळजवळ सगळे क्षार काढलेले पाणी, पिण्याच्या पाण्यातले आर्सेनिक काढण्यासाठी बनलेला आणि इथे फॉस्फेट शोषायला लावलेला दाणेदार लोहऑक्साइड, आणि जर्मनीतून आलेली व्होडकाची मात्रा. मद्यार्कातला कार्बन मिळाला की जिवाणू वाढतात, वाढताना नायट्रेट-फॉस्फेट उचलतात आणि स्किमरच्या फेसातून बाहेर पडतात. त्याच सुमारास समुद्री प्लवकातले नायट्रोजन आणि फॉस्फरसचे 16:1 हे रेडफिल्ड प्रमाण लोकांनी जादूचा आकडा म्हणून उचलून धरले. ते टाकीतल्या प्रत्येक शेवाळाला लागू पडेल, असे रेडफिल्ड यांनी म्हटले नव्हते.

उपासमारीने केसाळ शेवाळ हटले. पण 2010 नंतर शून्य नायट्रेट, शून्य फॉस्फेट दाखवणाऱ्या टाक्यांतच वाळूवर तपकिरी, बुडबुड्यांनी लडबडलेला शेंबडासारखा थर दिसू लागला. हे डायनोफ्लॅजेलेट नावाचे एकपेशीय जीव, ऑस्ट्रिऑप्सिससारखे काही तर विषारी, ज्यांच्यावर चरणाऱ्या गोगलगायी मरतात. कोरड्या, ब्लीच केलेल्या खडकाने सुरू केलेल्या टाक्यांत हा त्रास जास्त, कारण जागा व्यापायला दुसरे कोणी नसतेच. पिसासारख्या फांद्यांच्या चिवट ब्रायॉप्सिस या हिरव्या शेवाळावर मंडळी मानवी औषधांच्या कपाटातले फ्लुकोनॅझोल, म्हणजे बुरशीचे औषध वापरू लागली. ते लागू पडते. पण मेलेल्या ब्रायॉप्सिसमधला फॉस्फेट पाण्यातच उरतो आणि त्या जागेवर काय उगवणार हे औषध ठरवत नाही.

डायनोफ्लॅजेलेटवर आज जो उपाय सांगतात तो वीस वर्षांपूर्वी कोणी ऐकून घेतला नसता: आधी सूक्ष्मदर्शकाखाली जात ओळखा, ऑस्ट्रिऑप्सिस असेल तर अतिनील दिवा लावा, स्किमर कमी चालवा, लोहऑक्साइड काढून टाका, आणि सोडियम नायट्रेटचे द्रावण मोजून पाण्यात घाला. काही जण सिलिकेटही घालतात, डायटम (सिलिकाच्या कवचाचे सूक्ष्म शेवाळ) वाढावेत आणि त्यांनी जागा अडवावी म्हणून. फॉस्फेट तपासणीत शून्य आला की पूर्वी मंडळी खूश होत. आता तो शून्यावर उतरू लागला की माशांचे खाद्य वाढवतात.