शाळेतलं प्रेम दिसलं म्हणजे लगेच रॉमकॉम होत नाही

परवा माझी भाची सुट्टीला आली होती, अकरावीत आहे, परीक्षा नुकतीच संपलेली, तर म्हणाली मावशी काहीतरी मस्त रॉमकॉम लाव ना, म्हणजे हलकीफुलकी विनोदी प्रेमकथा. टीव्हीवर रॉमकॉमच्या रांगेतच 'लेडी बर्ड' दिसत होता, २०१७ चा, ग्रेटा गर्विगचा, मी आधी दोनदा बघितलेला आणि मला प्रचंड आवडलेला, म्हटलं चला हाच लावू. दीड तासाने पिक्चर संपला आणि ती माझ्याकडे बघतच राहिली. "म्हणजे? दोन्ही मुलं गेली? आणि शेवटी ती फोन कुठे करते, घरी, आईसाठी?" पिक्चर वाईट आहे असं तिचं म्हणणं नव्हतं, तिला फसवल्यासारखं वाटत होतं. आणि खरं सांगायचं तर तिचं बरोबर होतं, कारण तिने मागितला रॉमकॉम आणि मी लावला टीन मूव्ही.

या दोन गोष्टींची सरमिसळ सगळेच करतात. दोन्हीत प्रेम असतं, हसू असतं, छान गाणी असतात, एखादा पार्टीचा सीन असतो, त्यामुळे पोस्टरवरून काही कळत नाही. बरेच जण वयावरून ठरवतात, म्हणजे हिरो-हिरोईन शाळेतले असले की टीन आणि नोकरी करणारे असले की रॉमकॉम. मला हे अजिबात पटत नाही. शाळेत घडणारे अस्सल रॉमकॉम आहेत आणि ज्यात पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत क्रशच चाललाय असे अस्सल टीन मूव्हीही आहेत. फरक आहे तो गोष्ट कुठला प्रश्न विचारतेय यात. रॉमकॉम विचारतो, ही दोघं एकत्र येणार का, आणि कशी? टीन मूव्ही विचारतो, ही मुलगी किंवा हा मुलगा नेमका कोण आहे, या वर्गात, या घरात, या गावात त्याची जागा कुठे? प्रेम त्या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराचा एक तुकडा असतो, पूर्ण उत्तर नसतं.

माझी साधी पद्धत आहे, डोक्यातल्या डोक्यात प्रेमपात्र काढून टाकायचं आणि बघायचं काय उरतं. 'लेडी बर्ड'मधून नायिकेचे दोन्ही बॉयफ्रेंड, डॅनी काढा, काईल काढा, तरी तिचं गाव सॅक्रामेंटो उरतं, आई उरते, पैशांची ओढाताण उरते, लांबच्या कॉलेजात जायची तडफड उरते, आणि ज्या मैत्रिणीला मधे दुखावलं त्या ज्युलीच्या घरी जाऊन तिच्यासोबत प्रॉमला, म्हणजे शाळेच्या शेवटच्या मोठ्या डान्स पार्टीला, जाणं उरतं. म्हणजे सगळंच उरतं! आता 'व्हेन हॅरी मेट सॅली'मधून हॅरी काढून बघा. सॅली रेस्टॉरंटमध्ये बसून फार बारकाईने ऑर्डर देतेय, बस, पिक्चर संपला.

आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर 'मुंबई-पुणे-मुंबई'. २०१० चा, सतीश राजवाडेंचा, मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी. मुंबईची मुलगी स्थळ बघायला, खरं म्हणजे नकार द्यायला, पुण्यात येते, ज्याच्याकडे आलीय त्याच्या घराला कुलूप, आणि मग दिवसभर एका अनोळखी पुणेकरासोबत भांडत फिरते. पहिल्या भागात तर दोघांची नावंसुद्धा कळत नाहीत आणि कळायची गरजही पडत नाही, कारण सगळा पिक्चर त्या दोघांमधल्या हवेवर चाललेला असतो. इतका शुद्ध रॉमकॉम मराठीत दुसरा कुठला पटकन आठवत नाही मला.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगते. रॉमकॉममधला अडथळा माणसाच्या आत असतो. १९३४ च्या 'इट हॅपन्ड वन नाइट'पासून हे चालत आलंय, त्या पिक्चरला सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शक, नायक, नायिका आणि पटकथा अशी पाचही मोठी ऑस्कर मिळाली होती. त्यात श्रीमंत बापाची पळालेली मुलगी आणि एक पत्रकार एका खोलीत रात्र काढतात आणि मधे दोरीवर ब्लँकेट टाकून भिंत करतात. ब्लँकेटच ते, कधीही खाली ओढता येईल, पण ओढत कोणी नाही. हॅरी आणि सॅली पहिल्यांदा १९७७ मध्ये शिकागोहून न्यूयॉर्कला एका गाडीतून जातात आणि एकत्र यायला त्यांना बारा वर्षं लागतात, पण त्या बारा वर्षांत त्यांना अडवलं कोणी? कोणीच नाही! आईवडील जवळजवळ दिसतच नाहीत, स्वतःची घरं आहेत, नोकऱ्या आहेत, पैसे आहेत. आडवी येते ती फक्त हॅरीची ठाम मतं, की पुरुष आणि बाई नुसते मित्र राहूच शकत नाहीत वगैरे. मोठ्या माणसांना बाहेरून अडवणारं फारसं काही नसतं म्हणून त्यांना स्वतःच्याच पायात पाय घालावा लागतो, आणि रॉमकॉमची सगळी मजा तिथून येते.

पंधरा-सोळा वर्षांच्या पोराचं तसं नसतं ना. त्याच्याकडे स्वतःची खोली नाही, पैसे नाहीत, घरी यायची वेळ बाबा ठरवतात, बाबांची बदली झाली की मुलगी गाव सोडून जाते. अडथळा बाहेर उभा असतो आणि तो त्या पोरापेक्षा खूप मोठा असतो. म्हणून 'शाळा' इतकी आत जाते. मिलिंद बोकीलांची कादंबरी, त्यावर सुजय डहाकेचा पिक्चर, आणीबाणीच्या काळातलं गाव, नववीचा वर्ग, जोशी आणि शिरोडकर. जोशीच्या मनात शिरोडकरशिवाय दुसरं काही नसतं, म्हणजे प्रेम किती आहे बघा, आणि तरी तो रॉमकॉम नाही. चित्रे, सुऱ्या, फावड्या ही गँग, मास्तर, घर, बाहेरचं ते घाबरलेलं वातावरण, हे सगळं शिरोडकर नसती तरी असतं. शिरोडकर निघून जाते आणि जोशी दहावीकडे ढकलला जातो, कारण शाळेचं कॅलेंडर कोणासाठी थांबत नाही. हे कॅलेंडर पण लक्षात ठेवा, टीन मूव्हीला शेवटची तारीख असते, परीक्षा, प्रॉम, गॅदरिंग, कॉलेजची ॲडमिशन, आणि त्या तारखेनंतर हे सगळे पांगणार हे प्रत्येकाला माहीत असतं. रॉमकॉम वाटेल तितकी वर्षं वाट बघू शकतो.

गंमत म्हणजे 'शाळा'मधली शिरोडकर, केतकी माटेगावकर, तीच पुढे २०१४ मध्ये रवी जाधवांच्या 'टाइमपास'मध्ये प्राजक्ता झाली. आणि 'टाइमपास'चे पहिले दोन भाग लागोपाठ बघितले तर हा सगळा फरक डोळ्यांसमोर उलगडतो. पहिल्या भागात दगडू आणि प्राजक्ता, तो दहावी नापास, ती लेलेंच्या घरातली, आणि अडथळा म्हणजे तिचे वडील, ज्यांना पोरं शाकाल म्हणतात. ते घर, जात, ऐपत, शिस्त, सगळं घेऊन मधे उभे राहतात आणि दोघांची ताटातूट करतात. दुसरा भाग २०१५ चा, तिथे दगडू मोठा झालाय, हातात पैसा आलाय, प्रियदर्शन जाधव आणि प्रिया बापट त्या भूमिकेत, आणि आता प्रश्न एकच, ती सापडेल का आणि ते एकत्र येतील का. तीच दोन कॅरेक्टर्स, पण पहिला टीन मूव्ही आणि दुसरा रॉमकॉम. दुसरा भाग अनेकांना पहिल्याइतका लागला नाही त्याचं कारण मला तरी हेच वाटतं, लोक पहिल्यातली हुरहुर शोधायला गेले आणि हुरहुर तर वयाची होती.

उलटा प्रवास बघायचा असेल तर 'टू ऑल द बॉइज आय हॅव लव्ड बिफोर'. २०१८ चा पहिला भाग पूर्ण हायस्कूलमध्ये घडतो, तरी माझ्या मते तो पक्का रॉमकॉम आहे, कारण लारा जीन आणि पीटर खोटं खोटं जोडपं असल्याचा लेखी करार करतात, म्हणजे परत ती ब्लँकेटची भिंत, दोघांनी स्वतःच घातलेली. आणि २०२१ च्या तिसऱ्या भागात तिला स्टॅनफर्ड विद्यापीठात ॲडमिशन मिळत नाही, न्यूयॉर्क खुणावतं, तिथे अचानक गोष्ट तिची एकटीची होते, पीटर जरा बाजूला सरकतो. मला तिसरा भाग सगळ्यात प्रामाणिक वाटला, भाचीला तो सगळ्यात बोअर वाटला, ठीक आहे.

पण निर्मात्यांचाच गोंधळ झाला तर काय होतं, याचं माझं सगळ्यात आवडतं आणि सगळ्यात दुखणारं उदाहरण म्हणजे १९८६ चा 'प्रिटी इन पिंक'. लिहिला जॉन ह्यूजने, दिग्दर्शक हॉवर्ड डॉइच. अँडी ही गरीब घरातली मुलगी, आई सोडून गेलेली, वडिलांना धड काम नाही, कपडे स्वतः शिवून घालणारी. एकीकडे श्रीमंत ब्लेन, जो मित्रांच्या दबावाखाली तिला प्रॉमच्या आधी टाळतो, दुसरीकडे लहानपणापासूनचा वेडा मित्र डकी. मूळ शेवटात अँडी डकीसोबत होती, तसं शूट पण झालं होतं. मग टेस्ट स्क्रीनिंगला, म्हणजे रिलीजआधी प्रेक्षकांना दाखवून बघतात तेव्हा, लोकांना ते आवडलं नाही, त्यांना ब्लेन हवा होता, म्हणून शेवट परत शूट केला आणि अँडी ब्लेनला मिळाली. लोकांना दोष देत नाही मी, प्रेमकथा बघत होते तर त्यांना प्रेमकथेचा शेवट हवा होता. पण तोपर्यंतची गोष्ट एका मुलीची होती जी म्हणतेय मला तुम्ही मोडू शकला नाहीत, ती एकटी, स्वतः शिवलेल्या गुलाबी ड्रेसमध्ये प्रॉमच्या दारात येते, आणि जो ऐनवेळी मागे हटला त्याने दोन वाक्यं बोलताच ती त्याच्याकडे जाते. मी प्रत्येक वेळी बघते आणि प्रत्येक वेळी मला त्रास होतो. ह्यूजला पण ते बोचलं असावं, कारण पुढच्याच वर्षी त्याने 'सम काइंड ऑफ वंडरफुल' लिहिला, दिग्दर्शक पुन्हा डॉइच, त्यात मुलगा-मुलीच्या जागा बदलल्या आणि तिथे मित्रत्वाचं प्रेम जिंकलं.

सिरीजमध्ये हा घोळ आणखी वाढतो, कारण सीझन चालवायचे तर लोकांना दोन टीममध्ये वाटून टाकणं सोपं पडतं. 'नेव्हर हॅव आय एव्हर' बघताना सगळे नायिकेने कोणाला निवडावं यावर टीम पॅक्सटन की टीम बेन करत बसले, माझी भाची पण. २०२० ते २०२३, चार सीझन. कॅलिफोर्नियातल्या तमिळ घरातली देवी, आणि पहिल्या सीझनमध्ये शाळेच्या इमारतीतली ती गणेशपूजा, काकवांच्या चौकशा, आपल्याकडच्या कोणालाही घरचंच वाटेल असं. पण पहिल्या सीझनचा शेवट आठवा. देवी आई नलिनी आणि चुलतबहीण कमलासोबत मालिबूच्या समुद्रावर वडिलांच्या अस्थी विसर्जित करते, आणि त्यानंतर, त्यानंतर हां, गाडीत बसलेल्या बेनला किस करते. मला तो क्रमच सगळं सांगून जातो. सीझनभर ती मुलांच्या मागे धावतेय कारण बाबा गेल्याचं दुःख तिला बघायचं नाहीये, हे ज्याला दिसलं त्याला सिरीज दिसली, आणि टीम कुठलीही असो, दुसऱ्यांदा बघताना फक्त नलिनी आणि देवीकडे बघा, माय-लेकींची केवढी मोठी गोष्ट आहे ती.

यात कास्टिंगचाही हात आहे असं मला मनापासून वाटतं. पॅक्सटन झालेला डॅरेन बार्नेट पहिला सीझन आला तेव्हा २९ वर्षांचा होता आणि खेळत होता सोळा वर्षांचा मुलगा, मैत्रेयी रामकृष्णन मात्र १८ ची. २९ वर्षांचा पुरुष स्क्रीनवर आला की आपलं मन आपोआप रॉमकॉमचे नियम लावायला लागतं. याउलट 'एट्थ ग्रेड' या पिक्चरमधली नायिका एल्सी फिशर खरोखर चौदाएक वर्षांची होती, तेच पिंपल्स, तेच मान खाली घालून बोलणं, आणि तिथे तिच्या क्रशकडे बघताना आपल्याला एकच वाटतं, बाळ सांभाळ गं.

भाचीने मग विचारलं, 'टेन थिंग्ज आय हेट अबाउट यू' कशात जाणार? तो सोपा आहे, शेक्सपिअरचं नाटक, दोन भांडखोर माणसं, फक्त शाळेत नेऊन ठेवलेली, तो रॉमकॉम. 'मीन गर्ल्स'? त्यात नायिकेला आवडणाऱ्या ॲरनचं नाव सुद्धा लोकांना पटकन आठवत नाही, तो टीन. 'क्लूलेस'वर मात्र आमचं अडलं. जेन ऑस्टिनच्या 'एमा'वरून केलेला, १९९५ चा, एमी हेकरलिंगचा. शेवटी शेर आणि जॉश एकत्र येतात, म्हणून भाची म्हणाली रॉमकॉम, विषय संपला. मी तिला शेवटचा सीन परत लावायला सांगितला. लग्न चाललंय, आपल्याला क्षणभर वाटतं शेरचंच लग्न, आणि तेवढ्यात तीच वैतागून सांगते की मी अजून फक्त सोळा वर्षांची आहे! लग्न असतं तिच्या शिक्षकांचं, मिस्टर हॉल आणि मिस गाइस्टचं, आणि ते जुळवलेलं असतं शेरनेच, तेही सुरुवातीला स्वतःचे मार्क वाढावेत म्हणून. म्हणजे पिक्चरच्या आत एक अख्खा रॉमकॉम आहे, पण तो मोठ्यांचा आहे, आणि शेर त्या लग्नात पाहुणी आहे. भाचीने तो सीन दोनदा बघितला आणि म्हणाली, "पण बुके तर तिनेच पकडला ना."