सर्व्हर उठला, डिस्क उठलीच नाही : पार्श्वभूमी

लाईन परत आली की सगळं एकदमच चालू होतं. कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसातला सर्व्हर, त्याच्या शेजारचा डिस्कचा डबा, स्विच, राउटर, वजनकाट्यावरचा संगणक. सर्व्हरच्या बायॉसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, ‘वीज येताच चालू हो’ असं लावून ठेवलेलं असतं, कारण पहाटे अडीचला बटण दाबायला कोणी नसतं. पण जागं व्हायला प्रत्येकाला लागणारा वेळ वेगळा. एसएसडीवरचं लिनक्स, म्हणजे सर्व्हरची मूळ प्रणाली, काही सेकंदांत उभं राहतं. बाहेरच्या डब्यातल्या फिरत्या डिस्क तोवर घुरघुरतच असतात. ‘डिस्क तयार नाही’ ही तक्रार आमच्या भागात बहुतेक वेळा इथूनच येते. डिस्क बिघडलेली नसते, उशिरा येते.

उशिराचं कारण साधं आहे. साडेतीन इंची डिस्कला सुरुवातीचा वेग पकडताना १२ व्होल्टच्या तारेवर साधारण दोन अँपिअर लागतात. एकदा फिरायला लागली की त्याच्या निम्म्याहूनही कमी. आठ डिस्क एकदम उठल्या तर पॉवर सप्लायला झेपत नाही, म्हणून डब्यातला कंट्रोलर त्यांना पाळीपाळीने उठवतो. त्यात यूपीएसची बॅटरी थकलेली असली, की डबा अर्ध्यात बंद पडतो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

लिनक्सच्या जुन्या, ‘सिस्टिम-फाइव्ह’ नावाच्या धाटणीच्या सुरुवातीत या प्रश्नाला फारसं तोंड द्यावं लागत नव्हतं. कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, डिस्क शोधून घ्यायच्या आणि मग स्क्रिप्टने एफस्टॅबमधल्या ओळींप्रमाणे त्या एकामागून एक जोडत जायच्या, इतकंच. एफस्टॅब म्हणजे कोणती डिस्क कोणत्या फोल्डरवर जोडायची याची यादी; जोडली की त्या फोल्डरच्या जागी डिस्कवरचं दिसतं. २००६ च्या अखेरीस २.६.१९ या कर्नलमध्ये स्कझी प्रकारच्या डिस्कचा शोध समांतर चालवण्याची सोय आली आणि ‘आधी सगळ्या डिस्क, मग बाकीचं’ हे गृहीतक ढिलं पडलं. आज एसडीए नाव असलेली डिस्क उद्या एसडीबी व्हायची. त्यावर यूयूआयडीचा, म्हणजे डिस्कच्या न बदलणाऱ्या ओळखक्रमांकाचा, उतारा निघाला, मूळ डिस्कसाठी ‘रूटडिले’ लावून काही सेकंद थांबायची युक्तीही होती. तेवढ्यावर काम भागत होतं.

खरा तिढा सुरू झाला २०१० च्या एप्रिलमध्ये, उबुंटू या लिनक्सच्या १०.०४ आवृत्तीपासून. ती पाच वर्षं चालणारी सर्व्हर आवृत्ती, म्हणून पुष्कळांनी बसवली. एफस्टॅबमधली एखादी डिस्क दिसली नाही, तर ती पडद्यावर विचारायची : अमुक ठिकाणची डिस्क अजून तयार नाही किंवा जोडलेलीच नाही; थांबायचं असेल तर थांबा, सोडून पुढे जायला ‘एस’ दाबा, हाताने दुरुस्तीला ‘एम’ दाबा. टेबलावरच्या संगणकासाठी हे चांगलंच होतं. पण सर्व्हरला कीबोर्ड नाही, पडदा नाही. दुरून आत शिरायचं एसएसएचही सगळ्या डिस्क जोडून झाल्यावरच सुरू व्हायचं. म्हणजे प्रश्न विचारलेला आहे, आणि उत्तर देणारा चाळीस किलोमीटरवर यवतमाळात. त्या वर्षांत विदर्भाच्या खेड्यापाड्यांत भारनियमन रोजचंच होतं, त्यामुळे हा प्रश्नही रोजच. ‘एस’ एवढं एक अक्षर दाबण्यासाठी एसटीने गेलेली माणसं मला ठाऊक आहेत. त्यांतला एक मीच.

उबुंटूने यावर एफस्टॅबमध्ये लिहायचा ‘नोबूटवेट’ हा शब्द दिला होता : ही डिस्क आली नाही तर थांबू नको. तो बाकी लिनक्समध्ये नव्हता. पुढे सिस्टमडी आलं, म्हणजे सुरुवातीला डिस्क जोडून सेवा चालू करणारी नवी व्यवस्था. डेबियन या दुसऱ्या लिनक्समध्ये आठव्या आवृत्तीपासून आणि उबुंटूत १५.०४ पासून, म्हणजे दोन्हीकडे एप्रिल २०१५ मध्ये, तेच मुख्य झालं. त्याची रीत कडक. डिस्कसाठी नव्वद सेकंद थांबायचं, नाही आली तर थेट आणीबाणीच्या मोडमध्ये जायचं. तिथे नेटवर्क नाही आणि रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी खात्याचा, पासवर्ड मागतात. उबुंटूत तर रूटचं खातं मुळात बंदच. उबुंटू १४.०४ वरून १६.०४ वर गेलेल्यांना आणखी एक फटका बसला. जुन्या ओळीतला ‘नोबूटवेट’ आता कोणालाच कळत नव्हता. त्या अनोळखी शब्दामुळे धडधाकट डिस्कही जोडली जायची नाही.

मग सगळ्यांनी एफस्टॅबमध्ये ‘नोफेल’ लिहायला सुरुवात केली. या शब्दापाशी थोडं थांबायला हवं, कारण नाव एक सांगतं आणि काम दुसरं होतं. ‘माउंट’ या डिस्क जोडणाऱ्या आज्ञेपुरता त्याचा अर्थ मर्यादित आहे : डिस्क नसेल तर चूक म्हणून ओरडू नको. सिस्टमडीने त्याला आणखी एक अर्थ जोडला : या डिस्कसाठी बाकीची सुरुवात अडवूही नको. म्हणजे डिस्क धडधाकट असली, फक्त वीस सेकंद उशिरा येणार असली, तरी बाकीच्या सेवा तिच्या आधीच सुरू होऊ शकतात. ‘अपयश माफ’ असं समजून लिहिलेला शब्द ‘वाट पाहू नको’ असाही आदेश देतो, हे पुष्कळांच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

कापसाच्या ऐन हंगामात एका जिनिंगच्या दिवाणजींचा फोन आला : “भाऊ, कालच्या काटापावत्या एकपण दिसून नाही राहिल्या.” काट्याचं सॉफ्टवेअर रोज नवी फाइल उघडणारं होतं. आदल्या पहाटे लाईन आली, नोफेलमुळे सर्व्हर डिस्कसाठी न थांबता झटकन उठला, सॉफ्टवेअरने रिकाम्या फोल्डरमध्ये त्या दिवसाची फाइल उघडली. मिनिटभराने डिस्क आली आणि त्याच फोल्डरवर जोडली गेली. उघडी फाइल खाली झाकली गेली, पण सॉफ्टवेअर संध्याकाळपर्यंत तिच्यातच लिहीत राहिलं. रात्री पुन्हा लाईन गेली, आणि सकाळी आदल्या दिवसाचं काहीच दिसेना. बाहेर चुकाऱ्यासाठी शेतकरी उभे. डिस्क उतरवून खाली पाहिलं तेव्हा फाइल जागच्या जागी होती. डिस्क तपासत बसण्यात तोवर अर्धा दिवस गेला होता.

नोफेलच्या बाजूने बोलणारे म्हणतात, मशीन उठलं तर दुरून काहीतरी करता येतं. खरंच आहे, आणि १०.०४ चे दिवस पाहिलेला माणूस त्यांना नाव ठेवणार नाही. विरोधक म्हणतात, अर्धवट उठलेल्या सर्व्हरपेक्षा न उठलेला बरा. यात मशीन आणि त्यावरची सेवा यांची गल्लत होते, असं मला वाटतं. मशीनने उठावं, नेटवर्क द्यावं. हिशेबाच्या सॉफ्टवेअरने मात्र डिस्कसाठी थांबावं. त्याची सोय सिस्टमडीतच आहे : सेवेच्या फाइलमध्ये ‘रिक्वायर्स-माउंट्स-फॉर’ लिहून फोल्डरचा पत्ता द्यायचा, आणि एफस्टॅबमध्ये त्या डिस्कची नव्वद सेकंदांची मुदत वाढवून तीनेक मिनिटं करायची. डबा नेटवर्कवरचा असेल तर मुदत आणखी सैल लागते, कारण तो स्वतःच एक छोटा संगणक असतो आणि सर्व्हरपेक्षा सावकाश उठतो.

गावठाणाचे फीडर शेतीपंपांपासून वेगळे झाल्यावर रोजचं भारनियमन कमी झालं. मे-जूनच्या वादळात तार तुटते, डीपी जळते, ते आहेच. आता मी नव्या ठिकाणी डिस्क जोडण्याआधी रिकामं फोल्डर ‘चॅटर’ आज्ञेने गोठवून ठेवतो. त्यावर डिस्क जोडता येते, पण डिस्क नसताना रूटलाही त्यात फाइल करता येत नाही. मग काटा अडतो, ट्रॅक्टरची रांग रस्त्यापर्यंत येते आणि दिवाणजींचा फोन त्याच सकाळी येतो.