विहिरीत किती परस पाणी?

दिवाळीच्या सुमारास दोन शेतकरी भेटले की हा प्रश्न ठरलेला असायचा. परस म्हणजे साधारण पुरुषभर उंची. चार परस पाणी असेल तर गहू पेरायचा, दोन असेल तर ज्वारी, त्याहून कमी असेल तर हरभऱ्यावर भागवायचं. मोट ओढून बैल थकले की उपसा आपोआप थांबे. पंप थकत नाही, आणि दोनशे फूट खोल बोअरमध्ये डोकावून किती परस पाणी उरलंय ते बघताही येत नाही.

हा बदल महाराष्ट्राला इतका महाग का पडला, ते आपल्या खडकात दडलेलं आहे. राज्याचा चार पंचमांशाहून जास्त भाग बेसॉल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा आहे. गंगेच्या खोऱ्यातल्या वाळूत कणाकणांमध्ये पाणी मावतं. आपल्याकडे ते मावतं वरच्या मुरुमात आणि खालच्या खडकाच्या भेगांमध्ये. पाण्याने पूर्ण भिजलेल्या अशा एक घनमीटर खडकातून हाती लागतं जेमतेम 10 ते 30 लीटर पाणी.

त्याचा परिणाम विहिरीच्या काठावर दिसतो. समजा पावसातलं 40 मिलिमीटर पाणी जमिनीत मुरलं आणि खडकाची पाणी देण्याची क्षमता 2 टक्के, म्हणजे घनमीटरला 20 लीटर आहे, तर विहिरीची पातळी तब्बल 2 मीटर वर येते. माणूस खूश होतो, गव्हाचं बी आणतो. पण 40 मिलिमीटर उपसलं की तीच पातळी 2 मीटर खालीही जाते, आणि माघाच्या शेवटी गहू ओंबीवर असताना विहीर तळ दाखवते. भरलेली दिसणारी विहीर म्हणजे भरपूर पाणी, हा समज मी स्वतः लहानपणापासून बाळगून होतो. आकडे मांडले तेव्हा तो गळून पडला.

हे आकडे गावाने मिळून मांडण्याचं सर्वांत ठळक उदाहरण पूर्वीच्या नगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचं आहे. सरासरी पाऊस 400 मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. 1989 मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. 1994 मध्ये गाव आदर्श गाव योजनेत आलं, डोंगरावर चर खोदले गेले, नाल्यांवर बांध पडले. ही जलसंधारणाची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. मला त्यापुढची गोष्ट जास्त मोलाची वाटते. 2004 पासून भूजल खात्याच्या मदतीने गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद करू लागलं. पाऊस मोजायचा, निरीक्षण विहिरींची पातळी मोजायची, आणि रब्बीआधी ग्रामसभेत बसून कुठलं पीक किती घ्यायचं ते ठरवायचं. आधी माणसांचं पिण्याचं पाणी, मग जनावरांचं, उरेल त्यात शेती. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, ऊस आणि केळी लावायची नाही, हे नियमही गावानेच स्वतःला घालून घेतले.

हा ताळेबंद कुणालाही कागदावर करता येतो. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 हजार लीटर. शिवार 1,000 हेक्टरचं आणि पाऊस 400 मिलिमीटर धरला, तर आभाळातून पडले 400 कोटी लीटर. यातलं बरंचसं वाफ होऊन जातं, काही पिकं आणि झाडं पितात, काही ओढ्याने वाहून जातं. ढोबळमानाने दहावा हिस्सा भूजलात उतरला असं मानू, म्हणजे 40 कोटी लीटर. तेराशे माणसांना दरडोई रोज 55 लीटर दिलं तर वर्षाला 2.6 कोटी लागतात. हजार जनावरांना रोज 60 लीटर धरलं तर 2.2 कोटी. शेतीला उरले सुमारे 35 कोटी.

आता पाटाने पाणी दिलेल्या उसाला हेक्टरी साधारण 2 कोटी लीटर लागतात. म्हणजे सतरा-अठरा हेक्टर उसात अख्ख्या गावाचं पाणी संपलं! तेच पाणी रब्बी ज्वारीला सात-सात सेंटिमीटरच्या दोन पाळ्यांनी दिलं, तर 250 हेक्टर भिजतात. ऊस चार-सहा घरांत पैसा आणेल, ज्वारी प्रत्येक घरात भाकरी आणि प्रत्येक गोठ्यात कडबा.

हा हिशोब सरकारी कचेरीत बसून करता येतो, पण अमलात आणता येत नाही. जमिनीखालच्या भेगांना बांध-धुरे कळत नाहीत. माझ्या बोअरने शेजाऱ्याची विहीर आटते, पण 1882 च्या सुविधाधिकार कायद्यापासून जमिनीखालचं पाणी जमीनमालकाचंच अशी समजूत चालत आली आहे. दारोदार पोलीस उभा करून उपसा थांबत नाही. तो थांबतो जेव्हा आकडा चावडीवर सगळ्यांसमोर वाचला जातो आणि आपल्यासारखाच शेजाऱ्यानेही गहू सोडलाय हे डोळ्यांना दिसतं. याउलट नुसत्या गावालाही ते जमत नाही. पर्जन्यमापक कुठे बसवायचा, मुरूम किती खोल आहे, पाणी किती मुरतं, हे सांगायला भूजलशास्त्रज्ञ लागतो. 2019 च्या डिसेंबरात सुरू झालेल्या अटल भूजल योजनेने महाराष्ट्रासह सात राज्यांत हीच जोडी बांधायचा प्रयत्न केला: ग्रामपंचायतीचा जलताळेबंद आणि त्यामागे तज्ज्ञांचं पाठबळ.

ठिबकबद्दल एक सांगायलाच हवं. ठिबकने एका एकराचं पाणी नक्की वाचतं. पण वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर ऊस किंवा डाळिंब वाढवलं, तर गावाचा एकूण उपसा होता तिथेच राहतो, कधी वाढतोही. अनुदान नळ्यांना मिळतं, ताळेबंदाला मिळत नाही, ही मला मोठी उणीव वाटते.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी राज्यभर हजारोंच्या संख्येने आहेत. कदाचित तुमच्या शिवारातही एखादी असेल. पावसाळा सरल्यावर खात्याचा माणूस येतो, कठड्यावरच्या ठरलेल्या जागेवरून टेप सोडतो, पाण्याला टेकला की आकडा वहीत लिहितो आणि पुढच्या गावाला जातो. यंदा तो येईल तेव्हा चार जणांनी तिथे जाऊन उभं राहावं. त्याला आकडा विचारावा, गेल्या वर्षीचाही विचारावा, आणि दोन्ही खडूने ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहून ठेवावेत. गव्हाच्या पेरणीला तेव्हा अजून महिनाभर अवकाश असतो.